डोळे मिटा आणि बोट दाखवा

सफरीला निघण्याआधी एकच अट: डोळे मिटलेले ठेवायचे. आपण जाणार आहोत तिथली बहुतेक माणसं डोळे मिटूनच शहाणी झाली आहेत, आणि कानांची किंमत कळायला दुसरा मार्ग आहे असं मला वाटत नाही.

पायांखाली गवत लागतंय. वारा पूर्ण पडलाय. तुम्ही इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, टर्लिंगच्या हवेलीतल्या हिरवळीवर उभे आहात. साल १८७६ च्या आगेमागचं, वेळ संध्याकाळची. हवेलीचे मालक जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे तिसरे लॉर्ड रॅले, सध्या ध्वनीवर मोठा ग्रंथ लिहिताहेत. पण ज्या प्रश्नासाठी त्यांनी तुम्हाला इथे उभं केलंय तो ऐकायला अगदी पोरकट आहे. आवाज कुठून आला हे माणसाला कळतं कसं?

तुमच्याभोवती पाच-सहा मदतनीस सतत जागा बदलताहेत. एवढी माणसं कशाला, असं वाटेल. एकट्याला फिरवलं असतं तर तुम्ही त्याच्या पावलांचाच माग काढला असता. गवतावरचीसुद्धा चाहूल लागते, आणि रॅलेंना हे ठाऊक आहे. आता त्यांतला कुणीतरी एक शब्द बोलतो. एकच शब्द. बोट दाखवा. हात आपोआप उठतो आणि बोलणाऱ्याच्या दिशेला जातो; चुकलात तर चार-दोन अंशांनी. पुन्हा एक आवाज, या वेळी पाठीमागून, शब्द नव्हे तर नुसता एक स्वर. तरीही बोट बरोबर.

मग बोलणं थांबतं. एक जण तुमच्या समोर जातो, दुसरा पाठीमागे. दोघांकडे एकाच सुराचे नादकाटे. दोन्ही एकदम वाजतात आणि लगेच त्यांतला एक बंद केला जातो. उरलेला कोणता, पुढचा की मागचा? तुम्ही कान टवकारता. सूर स्वच्छ आहे, चांगला मोठा आहे, आणि काही केल्या सांगता येत नाही. ‘पुढचा’ असं ठोकून देता, असतो मागचा. हिरमुसू नका, स्वतः रॅलेंचीही हीच गत झाली होती. तोच नादकाटा डाव्या किंवा उजव्या अंगाला नेला की मात्र बाजू लगेच कळते.

इथे जरा थांबा, कारण सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे. डोळ्याच्या पडद्यावर डावीकडची वस्तू एका जागी उमटते आणि उजवीकडची दुसऱ्या. जागा पडद्यावरच लिहिलेली असते. कानाच्या आत शंखासारखी वळलेली जी नळी आहे, तिच्यात आवाजाची वाटणी होते ती उंच-खालच्या सुरांनुसार. उंच सूर नळीच्या तोंडाशी, खालचे आत टोकाशी. कुठून आला याची नोंद तिथे कुठेच नसते. म्हणजे तुमचं बोट ज्या दिशेला गेलं, ती दिशा दोन्ही कानांपैकी एकातही आलेली नव्हती. ती डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या बातम्या ताडून पाहून, तयार झाली.

ताडून पाहायचं ते काय? रॅलेंना पहिलं उत्तर सुचलं ते सावलीचं. उजवीकडून आवाज आला की डोकं मध्ये येतं आणि डाव्या कानाला तो थोडा मंद ऐकू येतो. उंच सुरांच्या बाबतीत हे खरंच आहे. पण खालच्या सुरांच्या लाटा लांब. सेकंदाला १२८ कंपनांच्या सुराची एक लाट सुमारे पावणेतीन मीटरची असते. एवढ्या लाटेला वीतभर डोक्याची काय मातब्बरी? ती वळसा घालून पलीकडे जाते आणि दोन्ही कानांना जवळजवळ सारखीच मोठी ऐकू येते. रॅलेंनी गणित करून पाहिलं, फरक नगण्य निघाला. आणि तरीही खालच्या सुराची डावी-उजवी बाजू माणसाला कळते, हे हिरवळीवर सिद्ध झालेलं. गणित आणि कान यांचं जुळेना. मला रॅले आवडतात ते या जागी. त्यांनी कानाला खोटं ठरवलं नाही आणि गणितालाही ओढूनताणून बसवलं नाही. कोडं तसंच ठेवलं, जवळजवळ तीस वर्षं.

तेवढ्यात आपण पॅरिस गाठू. १८८१, शांझेलिझेवरचा उद्योगभवनाचा राजवाडा, विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन. भोवती गर्दीची कुजबूज, कपड्यांची सळसळ, आणि एका दालनापुढे लांबच लांब रांग. तुमचा नंबर लागतो. हातात दोन रिसीव्हर दिले जातात, एक डाव्या कानाला, एक उजव्या. दोन किलोमीटरहून दूर ऑपेराचा खेळ चालू आहे. रंगमंचाच्या कडेने, डाव्या-उजव्या हाताला, अभियंते क्लेमां आदेर यांनी मायक्रोफोन मांडले आहेत आणि तारा शहराच्या भुयारी गटारांतून इथवर आणल्या आहेत. गाणं ऐकू येतं यात नवल आहेच. पण मग गायिका रंगमंचावरून चालू लागते, आणि तुमच्या बंद डोळ्यांपुढून तिचा आवाज डावीकडून उजवीकडे सरकतो. ती कुठे उभी आहे हे तुम्ही सांगू शकता. आता एक रिसीव्हर कानावरून काढा. गाणं तेच, शब्द तेच. रंगमंच मात्र नाहीसा झाला. सगळा ऑपेरा एका छिद्रात गोळा झाला. रिसीव्हर पुन्हा लावा, रंगमंच परत उघडतो. हा फरक लक्षात ठेवा.

१९०७. पुन्हा रॅले. आता ते साठी ओलांडलेले आहेत, आरगॉन वायूच्या शोधाबद्दल नोबेल मिळून तीन वर्षं झाली आहेत, आणि ते जुनं कोडं अजून डोक्यात आहे. तुमच्या एका कानात एका नादकाट्याचा सूर सोडलाय, दुसऱ्या कानात दुसऱ्याचा. दोन्ही काटे जवळजवळ एकाच सुराचे. एक दुसऱ्याहून किंचित खालचा. त्यामुळे एका कानातली लाट कधी दुसरीच्या पुढे असते, कधी मागे पडते. आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा आहे, हलत काहीच नाही, पण तुम्हाला सूर सावकाश उजवीकडे जातोसा वाटतो, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. ज्या कानात लाट आधी पोहोचते त्या बाजूला आवाज ऐकू येतो! सावलीखेरीज मेंदूकडे दुसरी खूण आहे ती ही: वेळ.

केवढा वेळ? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अगदी उजव्या अंगाचा आवाज डाव्या कानापर्यंत वळसा घालून जायला जास्तीत जास्त ६५० ते ७०० मायक्रोसेकंद अधिक घेतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ही झाली कमाल. किमान किती फरक कळतो? चांगल्या परिस्थितीत सुमारे १० मायक्रोसेकंद. तेवढ्या जोरावर समोरचा आवाज एका अंशाने सरकला तरी तुम्हाला कळतं. चेतापेशीचा एक विद्युत-संदेशच साधारण एक मिलिसेकंद टिकतो, म्हणजे त्या फरकाच्या शंभरपट. शंभरपट जाड ठोकळ्यांनी मेंदू इतकं बारीक माप घेतो, आणि तुम्ही भाजी निवडत असताना, बोलता बोलता, घेतो.

पहिल्या महायुद्धाचा काळ आपण कानावरूनच नेऊ. विमानं येऊ लागली, आणि सैन्यांनी माणसांच्या कानांना मोठाले कर्णे लावून ते बरंच अंतर सोडून बसवले. दोन कान जितके दूर, तितका वेळेचा फरक मोठा आणि दिशा तितकी नेमकी. रॅलेंचाच सिद्धांत शिपायाच्या डोक्यावर चढवला होता. युद्धानंतर इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर डेंज इथे विमानांची घरघर गोळा करायला काँक्रीटचे प्रचंड आरसे बांधले, ते आजही उभे आहेत. १९३० च्या दशकात रडार आलं आणि ते मुके झाले.

आता हार्वर्ड विद्यापीठातल्या एका इमारतीच्या गच्चीवर चला, १९३० च्या दशकाच्या मध्याला. तुम्ही उंच खुर्चीवर बसला आहात, आजूबाजूला मोकळं आकाश. खोली नको, कारण भिंतींवरून आवाज परततो आणि घोटाळा होतो. एका लांब दांड्याच्या टोकाला ध्वनिक्षेपक आहे, तो तुमच्याभोवती गोल फिरवला जातो. स्टीव्हन्स आणि न्यूमन नावाचे दोन मानसशास्त्रज्ञ सूर बदलत जातात आणि तुम्ही दिशा सांगत जाता. खर्जातले सूर: उत्तम. अगदी तीव्र सूर: तेही उत्तम. पण मध्ये, ३००० हर्ट्झच्या आसपास, तुम्ही चुकतच राहता. कारण इथे दोन्ही खुणा लंगड्या पडतात. सुमारे १५०० हर्ट्झच्या वर लाटा इतक्या दाटीने येतात की कोणती आधीची आणि कोणती मागची हे कळेनासं होतं. आणि डोक्याची सावली अजून पुरती दाट झालेली नसते. घरातल्या स्मोक अलार्मची टीं टीं नेमकी या पट्ट्यातली. बॅटरी संपत आलेलं यंत्र शोधताना माणूस घरभर फिरतो, ते त्याच्या वेंधळेपणामुळे नव्हे.

खोलीतल्या परतणाऱ्या आवाजांचं मेंदू काय करतो, हे १९४९ साली ग्योटिंगेनच्या हेल्मुट हास यांनी दाखवलं. तुमच्यापुढे दोन ध्वनिक्षेपक, दोन्हींतून तेच भाषण, पण एकात सेकंदाचा पन्नासावा-शंभरावा भाग उशिराने. तुम्हाला ते फक्त पहिल्यातून ऐकू येतं. उशिराचा आवाज दुप्पट मोठा वाटेल इतका वाढवला तरी दिशा पहिलाच ठरवतो. आधी आला तो खरा, बाकीचे पडसाद, हा मेंदूचा निवाडा. म्हणून तर सभागृहात चारी भिंतींवरून आवाज आदळत असतानाही वक्ता व्यासपीठावरूनच बोलतो असं आपल्याला वाटतं.

पण माप घेतं कोण, कुठे? १९४८ साली लॉइड जेफ्रेस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. एका लांब बोळाच्या दोन टोकांकडून दोन मुलं सारख्याच वेगाने धावत सुटली, तर ती कुठे भेटली यावरून आधी कोण निघालं ते कळतं. बरोबर मध्ये भेटली तर एकदम निघाली. डाव्या टोकाजवळ भेटली तर उजवीकडचं मूल आधी निघालं होतं. जेफ्रेस म्हणाले, मेंदूत असेच बोळ असावेत: दोन कानांकडून येणारे चेतातंतू, आणि त्यांच्या वाटेवर ओळीने बसलेल्या पेशी, ज्या दोन्ही बाजूंचे संदेश एकदम पोहोचले तरच पेटतात. कोणती पेशी पेटली हीच दिशा. तेव्हा हे सगळं कागदावर होतं. असा बोळ कुणी पाहिलेला नव्हता.

तो दिसला घुबडाच्या डोक्यात. काळोख्या खोलीत या; आता डोळे उघडले तरी काही दिसायचं नाही, इतका अंधार. पायांखाली सुकी पानं अंथरलेली. १९५० च्या दशकाचा शेवट आहे आणि रॉजर पेन नावाचा तरुण संशोधक तुमच्या शेजारी श्वास रोखून उभा आहे. पुढे हाच माणूस देवमाशांची गाणी जगापुढे आणणार आहे. वर कुठेतरी गव्हाणी घुबड बसलंय. पानांत खसखस होते. पंखांचा आवाज नाही, काहीच नाही, आणि मग एकदम थप्प! उंदीर पकडला. कदाचित वासाने, कदाचित अंगाच्या उबेने? पेन दोरीला कागदाचा बोळा बांधून पानांतून ओढतात. ना वास, ना ऊब. थप्प! घुबडाने कागद पकडला. नेम एक-दोन अंशांचा.

गव्हाणी घुबडाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंत तर बदामाच्या आकाराची पिसांची थाळी दिसते. ती आवाज गोळा करते. तिच्याआड कानाची भोकं आहेत, आणि ती एका उंचीवर नाहीत. डावं थोडं वर, खाली रोखलेलं. उजवं थोडं खाली, वर रोखलेलं. म्हणून डावीकडे-उजवीकडे किती हे घुबडाला वेळेच्या फरकावरून कळतं, आणि वर-खाली किती हे आवाजाच्या मोठेपणातल्या फरकावरून. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी पडसाद न उठणाऱ्या खोलीत घुबडाभोवती ध्वनिक्षेपक फिरवला आणि त्याच्या मध्यमेंदूतल्या एकेका पेशीचा कानोसा घेतला. स्पीकरवर लावलेली ती पेशी तुम्हीही ऐका: शांतता, शांतता, आणि ध्वनिक्षेपक अवकाशातल्या एका ठरावीक जागी आला की कडकडाट. पुढे सरकला की पुन्हा शांतता. शेजारच्या पेशीची जागा शेजारची. म्हणजे घुबडाच्या मेंदूत आवाजांच्या जगाचा नकाशाच आहे, जो दोन्हीपैकी कोणत्याच कानात नव्हता. पुढच्या दशकात कॅथरीन कार आणि कोनिशी यांनी घुबडाच्या मेंदूत खालच्या पातळीवर जेफ्रेसचे बोळही शोधून काढले.

हेच घुबड आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आणि किल्ल्यांच्या बुरुजांत राहतं. त्याला अपशकुनी म्हणून दगड मारणाऱ्यांनी एकदा त्या काळोख्या खोलीत उभं राहायला हवं होतं.

माणसाच्या डोक्यात वेळेची तुलना मेंदूच्या देठाशी होते, ऑलिव्ह नावाच्या इवल्याशा गाठींमध्ये. दोन्ही कानांकडच्या बातम्या पहिल्यांदा एकत्र येतात त्या इथे. पण सस्तन प्राण्यांच्या ऑलिव्हमध्ये घुबडासारखी सुबक रांग सापडलेली नाही. २००१ पासूनचे प्रयोग असं दाखवतात की डाव्या आणि उजव्या बाजूच्या पेशींचे दोन मोठे समूह कमी-जास्त जोराने पेटतात आणि त्या दोहोंच्या ताळेबंदातून दिशा निघते. पक्षी आणि सस्तन प्राणी वेगवेगळ्या वाटांनी एकाच गावी पोहोचले.

शेवटचा मुक्काम हॉलंडमधल्या नायमेखनचा, १९९८ च्या थोडा आधीचा. संशोधक तुमच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांत मऊ साचे बसवतात. भोक बंद केलेलं नाही, ऐकू सगळं येतं. बदलला आहे तो फक्त पाळीच्या वळ्यांचा आकार. मग अंधाऱ्या खोलीत बसवून सांगतात, आवाज येईल तिकडे नजर टाका. डावीकडे, उजवीकडे तुमची नजर बरोबर जाते. पण वर वाजलं काय आणि खाली वाजलं काय, तुम्हाला सगळं जवळपास एकाच उंचीवर ऐकू येतं. जगाची उंचीच कुणी काढून घेतली आहे. कारण वर-खाली आणि पुढे-मागे यांत दोन कानांमध्ये फरक पडत नाही. ते कळतं पाळीच्या वळ्यांवरून. आवाज ज्या कोनातून येतो त्याप्रमाणे या घड्या त्यातले काही तीव्र सूर वाढवतात, काही दाबतात. टर्लिंगच्या हिरवळीवर माणसाचा आवाज पुढचा की मागचा हे कळलं आणि नादकाट्याचं कळलं नाही, ते यामुळे. माणसाच्या आवाजात घड्यांना काम करायला भरपूर सूर असतात, काट्यात एकच.

साचे काढू नका. ते घालून घरी जा, कामावर जा, झोपा. आठवडे जातात. हळूहळू, तुमच्या नकळत, उंची परत येऊ लागते, आणि सहा आठवड्यांच्या आत तुम्ही नव्या कानांनी बऱ्यापैकी ऐकायला शिकलेले असता. आता साचे काढा. जुने कान पुन्हा परके वाटणार, असं तुम्ही धरून चाललेले असता. तसं होत नाही. जुनी समज जशीच्या तशी, त्याच क्षणी हजर असते. मेंदूने नवी शिकवणी जुनी पुसून लिहिली नव्हती. दोन्ही शेजारी ठेवल्या होत्या. मोठ्या माणसाचा मेंदूही कानांचा इतका आज्ञाधारक विद्यार्थी असतो, हे मला या साऱ्या प्रवासातलं सर्वांत आशेचं वाटतं.

डोळे उघडा. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला आणि तुम्ही डावीकडे सरकलात, तेव्हा हे सगळं घडून गेलेलं असतं. पॅरिसमध्ये एक रिसीव्हर काढल्यावर रंगमंच गेला होता. ज्यांचा एक कान गेलेला आहे त्यांचं रोजचं जग बरंचसं तसं असतं. रस्त्यावर गाडी कुठून येतेय ते पटकन कळत नाही, गोंगाटात समोरच्याचं बोलणं वेगळं काढता येत नाही. आणि आपल्याकडे घराघरांत याची बोळवण एका वाक्यात होते, ‘दुसरा कान चांगला आहे ना, मग झालं.’ गालगुंडानंतर मुलाचा एक कान कायमचा बहिरा होऊ शकतो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण मूल बोलतं छान आणि फोन चांगल्या कानाला लावतं. वर्गात ते हाकेला भलतीकडे वळून पाहतं आणि लक्ष नाही म्हणून बोलणी खातं.

म्हणून विनंती आहे. मुलांची श्रवणचाचणी करून घ्या आणि दोन्ही कानांची वेगवेगळी करून घ्या. मुलाला एका कानाने कमी ऐकू येत असेल तर त्याला वर्गात चांगला कान शिक्षकांकडे येईल असं बसवा, आणि यंत्राचा काही उपयोग आहे का ते तज्ज्ञांना विचारा. तुम्हाला स्वतःला एकाएकी एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. पुष्कळदा औषधाचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांतच.